अपुरी पेटी

माझ्या सासऱ्यांना अर्धा कप चहा देण्याची हिंमत आमच्या घरात कुणी करत नसे. दूध कमी असो, साखर कमी असो, चहा करायचाच तर कपाच्या काठाला लागला पाहिजे, नाहीतर करू नका, असा त्यांचा खाक्या. लग्न होऊन मी शिरूरहून दौंडला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला त्याचा प्रसाद मिळाला. शेजारच्या पुतळाबाई वाटीभर बेसन मागायला आल्या. डब्याच्या तळाशी होतं तेवढं, वाटीच्या निम्म्याहून थोडं वर, मी त्यांना दिलं. मामा, म्हणजे माझे सासरे शंकरराव, ओट्यावर बूट पुसत बसले होते. त्यांनी पुतळाबाईंना थांबवलं, वाटी काढून घेतली, सायकलवर टांग मारली आणि दुकानातून बेसन आणून वाटीला शीग येईपर्यंत भरून दिलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि न बोलल्याचाच मला जास्त राग आला. आठवड्याच्या सुट्टीला रोहन घरी आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, तुझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे ना?

रोहन माझा नवरा. सणसवाडीच्या एका कारखान्यात तो कामाला होता आणि तिथंच खोली घेऊन राहायचा. तो हसला आणि म्हणाला, आजीला विचार.

आजी म्हणजे आक्काबाई, मामांची आई. तेव्हा त्या खूप थकलेल्या होत्या, पण जुनं काही विचारलं की उठून बसायच्या. घर मूळचं कासुर्डीचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती, बलुतं मागायला जाणं सोडलं होतं, पण काढणीला मजुरीवर जाणं काही सुटलं नव्हतं आणि मजुरी मिळायची ती धान्यातच. मालक आपली रास मोजायचा तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा, आणि माप असं भरायचा की दाणे कडेनं ओघळायचे. मजुरांची पाळी आली की तेच माप, तोच माणूस, पण अंगठा मापाच्या आत आणि ज्वारी काठाच्या खाली. तोंडानं मात्र ‘लाभ’च. एका वर्षी मामा, नुकतीच मिसरूड फुटलेले, सगळ्या खळ्यासमोर म्हणाले की माप भरलं नाही. मालकानं हातातलं माप खाली ठेवलं. मालक पुढं काही बोलायच्या आत आक्काबाईंनी पुढं होऊन माफी मागून टाकली. पोरगं अडाणी हाय, म्हणाल्या. अडाणी कसलं? वस्तीत तेव्हा तोच एक सातवी पास होता. ही गोष्ट सांगताना आजी माझ्याकडे बघत नव्हत्या. “माफी म्या मागितली, त्याची लाज अजून जाईना,” त्या म्हणाल्या. “आन् त्या दिसापासनं ह्यो कुणाला अपुरं देईना.”

हे ऐकल्यावर माझा राग गेला. त्यानंतर मी पण चहा काठोकाठ ओतू लागले. बशीत सांडला तर सांडला.

मामांची नोकरी पुण्याच्या पलीकडं, लष्कराच्या दारूगोळ्याच्या एका डेपोत. सकाळची शटल पकडायची आणि संध्याकाळच्या शटलनं यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दारूगोळा म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. वस्तीतली पोरं त्यांना विचारायची, मामा, तोफ बघितली का? तोफ कसली आणि काय कसलं. मामा पॅकर होते. रायफलच्या गोळ्यांच्या ज्या पेट्या पावसापाण्यानं, चढउतारात खराब होत त्या त्यांच्या टेबलावर यायच्या. त्या फोडायच्या, गोळ्या तपासायच्या, पुसायच्या, नव्या पेटीत भरायच्या आणि पत्र्यात कापलेली अक्षरं पेटीवर धरून वरून ब्रश फिरवायचा. हिरव्या पेटीवर पिवळे आकडे. कारखाना कुठला, गोळी कुठली, किती, साल कुठलं, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे लॉट नंबर.

लॉट म्हणजे काय हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. मी शिवणकाम करते, म्हणून त्यांनी कापडावरच आणून ठेवलं. दोन ताग्यांचं कापड एकाच गिरणीचं, एकाच रंगाचं असतं. डोळ्यांना फरक कळत नाही. पण एका ताग्याचं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि दुसऱ्याचं आटत नाही. म्हणून शहाणा शिंपी एका अंगरख्यात दोन तागे वापरत नाही. गोळ्यांचंही तसंच. एकाच मशिनीवर, एकाच दारूनं, लागोपाठ झालेल्या गोळ्या म्हणजे एक लॉट. त्यातल्या एका गोळीनं दगा दिला की त्या नंबरच्या पेट्या देशात जिथं असतील तिथं थांबवायच्या. आता गंमत अशी की खुद्द गोळीच्या बुडावर फक्त कारखान्याची अक्षरं आणि साल असतं. लॉट नंबर पेटीवरच. म्हणजे गोळी एकदा पेटीबाहेर पडून दुसऱ्या लॉटच्या गोळ्यांत मिसळली की ती कुठली, हे जगात कुणी सांगू शकत नाही.

म्हणून नियम असा, की एका लॉटच्या गोळ्या भरताना शेवटची पेटी पुरी भरली नाही तर ती अपुरीच ठेवायची. तिच्यावर ती अपुरी असल्याची वेगळी खूण करायची, आत, प्रत्येक पेटीत असते तशी, पॅकरच्या आणि तपासणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी टाकायची, आणि टेबल रिकामं करूनच पुढचा लॉट घ्यायचा. डेपोत तिला फ्रॅक्शन म्हणत. दर टेबलाहून दर काही दिवसांनी एखादी फ्रॅक्शन पेटी निघायचीच. मामांच्या टेबलाहून निघत नसे. याचं मोठं कौतुक होतं. पाहणीला आलेला साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, “शंकर के टेबल से फ्रॅक्शन नहीं निकलता. सीखो इससे.” मामांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला आज त्या साहेबाचा राग येतो. अरे बाबा, हिशेबात बसत नाही असं काही एका माणसाच्या हातून सारखं होतंय, तर शिकायला कशाला सांगतोस? विचार की त्याला, कसं करतोस म्हणून!

सत्त्याण्णव साली पुतळाबाईंचा विनोद लष्करात भरती झाला. आमच्या वस्तीतून पोलिसात गेलेले होते, रेल्वेत होते, पण लष्करात तो बऱ्याच वर्षांनी पहिला. विहारात त्याचा सत्कार झाला. मामांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि सांगितलं की तुझ्या हातात जी गोळी येईल ती कदाचित माझ्या हातची असेल, भिऊ नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुतळाबाईंच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी एक दिवस मामा संध्याकाळच्या शटलनं आले ते ओट्यावरच बसले. बूट काढले नाहीत. चहा दिला तो तसाच निवला. जेवायला बसले आणि भाकरी चिवडून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं ताप असेल, पण अंगाला हात लावून बघितलं तर थंड. आक्काबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच. घरात विचारणारी मी एकटीच होते. मी विचारायची, ते भिंतीकडं बघायचे.

पुतळाबाई रोज दुपारी यायच्या. पोराची काळजी कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि लष्करातलं कळणारं माणूस वस्तीत एकच. त्या यायच्या आणि मामा मोरीत जायचे, नाहीतर तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे. एका दुपारी त्या एसटीडी बूथवरून थेट आमच्याकडं आल्या. विनोदशी बोलणं झालं होतं. सोमवारपासून त्यांचा गोळ्या मारायचा सराव सुरू झालाय, पोरगा खूश आहे, असं त्या उत्साहानं सांगत होत्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामा उठले आणि मागच्या दारानं निघून गेले. पुतळाबाईंचं तोंड एवढंसं झालं. मी कसंबसं सावरून घेतलं, त्यांना वाटेला लावलं आणि तशीच मागच्या अंगणात गेले. मामा लिंबाखाली उकिडवे बसले होते. माझ्या जिभेला हाड नाही हे माझ्या माहेरचेही सांगतील. मी म्हटलं, माणसं तुम्हाला देव मानतात आणि तुम्ही त्यांच्याकडं पाठ फिरवता? काय पाप केलंय तिनं?

“तिनं न्हाई,” मामा म्हणाले. “म्या केलंय.”

मग ते बोलले. माझ्याकडं न बघता, जमिनीशी बोलावं तसं बोलले.

लांबच्या एका सराव मैदानावर एका गोळीत दारू कमी भरली होती. गोळी नळीच्या बाहेर न पडता आतच अडकली. मारणाऱ्याला कळलं नाही, त्यानं मागून दुसरी सोडली, आणि नळी फुगून फाटली. जवानाची बोटं थोडक्यात वाचली. पेटीवरचा लॉट नंबर बघून हुकूम सुटला आणि त्याच दुपारी मामांच्या डेपोत त्या नंबरच्या सगळ्या पेट्या बाजूला काढल्या गेल्या. लोक म्हणाले, बघा, नंबराचा हा उपयोग. मामाही त्यांच्यात उभे होते. आणि उभ्या उभ्या त्यांना आठवलं, की त्या लॉटच्या गोळ्या आपण दुसऱ्या नंबराच्या पेट्यांत घातल्यात.

सकाळी एका लॉटची शेवटची पेटी थोडी अपुरी राहायची. तेवढ्यात दुसरा लॉट टेबलावर यायचा. कारखाना तोच, साल तेच, गोळी तीच. मामा त्यातल्या मूठभर घेऊन आधीची पेटी भरून टाकायचे आणि वर आधीच्याच लॉटचा नंबर रंगवायचे. दिवसाचा एकूण आकडा बरोबर भरायचा. कुठल्या लॉटच्या किती, हे पॅकर सांगेल ते खरं. तपासायला असायचे केंदूरचे हौसराव. ते जुने जोडीदार, एका डब्यातलं खाणारे. शंकरच्या पेटीत काय बघायचं, म्हणून ते डोळे झाकून सही करायचे. हे वर्षानुवर्षं चाललेलं. चोरी नाही, हावरेपणा नाही. अपुरी पेटी आपल्या नंबरानं जगात जाऊ नये, एवढंच.

“नियम ठाऊक नव्हता का?” मी विचारलं.

“ठाऊक हुता. वाटलं कारकुनाचा नियम हाय. सारख्याला सारखं भरलं, त्यात काय?” ते म्हणाले. “अपुरी ही खूण रंगवायला हातच जाईना माझा, माया. आईम्होरं धरलेलं माप दिसायचं.”

मी विचारलं, त्या पेट्या आता कुठं आहेत? ते म्हणाले, कुठंबी असत्याल. बऱ्याच गेल्या. विनोदकडं? ते म्हणाले, गेल्या असत्याल.

मग मला राग आवरला नाही. मी म्हटलं, आणि तुम्ही इथं तोंडावर टॉवेल टाकून झोपताय? उद्याच्या गाडीनं जा आणि सांगा. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून नाही. ते म्हणाले, नोकरीचं भ्या न्हाई. मग कसलं? त्यावर ते जे बोलले ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

“आमच्याकडं एक गोळी वंगाळ निघाली की आख्खा लॉट बाजूला काढत्यात. माणसाचंबी तसंच हाय. हौसराव चुकला तर हौसराव चुकला म्हणत्याल. म्या चुकलो तर म्हणत्याल, ही माणसं अशीच. डेपोत आपली किती पोरं लागलीत, ठाऊक हाय का? त्यांच्याकडं कसं बघत्याल लोक?”

ते खोटं नव्हतं. पण मी म्हटलं, मामा, विनोदचा हात गेला तर तोही आपलाच पोरगा आहे. ते उठले. आत गेले आणि बऱ्याच वेळानं त्यांनी बूट पुसायला घेतल्याचा आवाज आला.

सकाळी मी त्यांच्याबरोबर शटलमध्ये बसले. ते नको म्हणाले नाहीत, यावरूनच मला कळलं की एकट्यानं त्यांचे पाय उचलणार नव्हते. केडगाव गेलं, यवत गेलं. कासुर्डी तिथून जवळच. त्या बाजूला त्यांनी एकदाही मान वळवली नाही. रोजचे डब्यातले लोक विचारत होते, काय शंकरराव, रजा संपली का? सूनबाई कुठं? मामा नुसतं हसल्यासारखं करत होते. डेपोच्या फाटकापाशी ते थांबले, टोपी नीट केली, आणि मला म्हणाले की तू घरी जा. मी गेले नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर दिवसभर बसून राहिले. टपरीवाल्याला वाटलं मी कुणाची तरी वाट बघत असलेली भांडकुदळ बायको आहे.

ते बाहेर आले तेव्हा कामाची सुट्टी झाली होती आणि माणसांचा लोंढा फाटकातून सुटला होता. त्या लोंढ्यात मामांच्या भोवती जागा रिकामी होती. कुणी त्यांच्या जवळून चालत नव्हतं. हौसराव मागून आले आणि त्यांना ओलांडून, एकदाही न थांबता, पुढं गेले. मामांनी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आत काय झालं ते त्यांनी गाडीत तुटक तुटक सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, कुठल्या पेट्या? मामांना सांगता येईना. किती गोळ्या? सांगता येईना. कुठल्या महिन्यात? तेही नाही. साहेबानं डोक्याला हात लावला आणि म्हणाला, “शंकर, तुमने मुझे अंधा कर दिया.” मग हुकूम निघाला, की मामांच्या टेबलाहून गेलेली, म्हणजे चिठ्ठीवर त्यांचा नंबर असलेली एकूण एक पेटी, नंबर कुठलाही असो, परत बोलवायची आणि नष्ट करायची. चांगल्या गोळ्यांसकट सगळं, कारण वेगळं करायला मार्गच नव्हता.

चौकशी झाली. कबूल केलं म्हणून नोकरी राहिली. पण पॅकिंगवरून काढलं आणि गवत कापायच्या टोळीत टाकलं. डेपोत आग लागू नये म्हणून गोदामांभोवतालचं गवत सतत कापत राहावं लागतं. मामा खुरपं घेऊन उन्हात वाकायचे आणि जुने सोबती शेडमधून बघायचे. हौसरावांनाही तपासणीवरून काढलं. ते मामांशी पुन्हा बोलले नाहीत. आणि मामा ज्याला भीत होते ते झालंच. आपल्या पोरांच्या टेबलांवर दुप्पट तपासणी बसली, बाकीच्यांच्या टेबलांवर नाही. ती पोरं मामांना बघून रस्ता बदलू लागली. मला वाटायचं त्यांनी निदान साहेबाला विचारावं, हा निवडक न्याय कुठला? पण पोरांचा राग साहेबापर्यंत पोचत नव्हता. मामांपर्यंत पोचत होता.

दौंडात मात्र कुणाला काही कळलं नव्हतं. रोहननं वस्तीत सांगून टाकलं, की वडिलांच्या कंबरेत चमक भरते म्हणून त्यांना हलकं काम दिलंय. मामांनी ते ऐकलं आणि गप्प बसले. विहारात त्यांना पुढं बसा म्हणायचे तर ते दाराशी बसायचे. लोकांना ते साधेपण वाटायचं.

ट्रेनिंग पुरं करून विनोद रजेवर आला तेव्हा त्याला बघायला आमच्या ओट्यावर अर्धी वस्ती जमली. आला तो आधी मामांच्या पाया पडायला आला, म्हणून गर्दी आमच्याकडं. केस बारीक कापलेले, अंग भरलेलं, हिंदी मिसळलेली बोली. पुतळाबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्याच्यावरून नजर काढत नव्हत्या. मी चहा केला. विनोदला गोष्टी सांगायचा हुरूप आला होता. ट्रेनिंग देणारा उस्ताद कसा शिव्या देतो, पहाटे कसं पळवतात, सगळं सांगून झालं. मग तो सरावाच्या मैदानावर आला.

त्यांचं फायरिंग रंगात आलं असताना एके दिवशी गाडी आली आणि समोर उघडलेल्या पेट्या उचलून घेऊन गेली. सरावच बंद पडला. उस्ताद म्हणाला, डेपोत कुणीतरी महामूर्ख बसलाय, त्यानं सगळी खिचडी करून ठेवलीय. विनोदनं उस्तादाची नक्कल केली, लोक पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, मामा, तुमच्याच डेपोतलं असल ते येडं. ठाऊक असल तुमाला.

रोहननं माझ्याकडं बघितलं. मी मामांकडं. ते नुसते हसले असते तरी भागलं असतं. नाहीतर कंबर धरून आत गेले असते तरी. वस्तीतली त्यांची जागा तशीच राहिली असती.

“म्याच त्यो,” मामा म्हणाले.

लोक आणखी हसले. त्यांना चेष्टा वाटली. मामा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, मूठभर गोळ्या, रंगवलेला नंबर, थांबवलेला लॉट, खुरपं, सगळं. हसणं थांबलं. पुढं बसलेली माणसं आपल्या कपाकडं बघू लागली. मला मामांची लाज वाटत होती आणि त्यांचा अभिमानही वाटत होता.

मग विनोदनं हळू आवाजात विचारलं, “मामा, आमी त्यातल्या मारल्या का?”

“मारल्या असत्याल.”

“त्यात ती खराब हुती का?”

“न्हाई सांगता येत, बाळा. कुणालाच न्हाई सांगता येत. म्या ते कळायचं ठिवलंच न्हाई.”

विनोदच्या डोक्यात काहीतरी फिरत होतं. तो आता लष्करातला होता, त्याला दिवस जुळवता येत होते. “लॉट थांबल्याचं कळलं, तवा लगीच सांगितलं ना तुमी?”

हे विचारेल असं मलाही वाटलं नव्हतं. मामांनी ओट्याच्या खांबाला हात लावला.

“न्हाई,” ते म्हणाले. “मधी आठवडा गेला.”

“त्या आठवड्यात आमचं रोज फायरिंग हुतं,” विनोद म्हणाला. त्यात राग नव्हता. तो फक्त सांगत होता.

पुतळाबाईंनी पदर सावरला आणि मामांकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मामांकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं.

“म्या रोज येत हुते तुमच्याकडं,” त्या म्हणाल्या. “रोज तुमाला इचारायची, माझं पोरगं नीट ऱ्हाईल का. तुमी हितंच हुता.”

“व्हय,” मामा म्हणाले. “हितंच हुतो.”

पुतळाबाईंनी विनोदचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. तो उलटा केला, सुलटा केला, एकेका बोटावरून अंगठा फिरवून बघितला. मग तो हात न सोडता त्या उठल्या आणि त्याला घेऊन आपल्या घरी गेल्या. त्यांच्यामागं बाकीचेही एकेक करून उठले. मामा खांबाला धरून तसेच उभे होते, आणि आत चला म्हणायला माझीही जीभ उचलत नव्हती.